एवढे पैसे या गाडीत कशाला?

"मॅम, तुमच्या जागी मी असतो तर या गाडीत एवढे पैसे घातले नसते," सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला आणि त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. वरच्या ओळीत नव्या हायब्रिड बॅटरीची मजुरीसकट किंमत होती. खालच्या ओळीत माझ्या गाडीचा आजचा बाजारभाव, जो त्याने मी न विचारताच शोधून ठेवला होता. वरचा आकडा मोठा होता. मुलगा चांगला होता, माझे पैसे वाचावेत असंच त्याला वाटत असणार. त्याने मला पाण्याची बाटली दिली, मागच्या लॉटमधल्या नव्या गाड्या दाखवू का म्हणून विचारलं, मी नको म्हटल्यावर आग्रहही केला नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. रात्री भांडी आवरताना आलं, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आलं. दोन आकडे एकाखाली एक मांडले की खालचा लहान आहे एवढं दिसतं. पण मुळात ते दोन आकडे एकाखाली एक मांडायचेच कशासाठी, हे मला कळेना.

गाडी २००६ची टोयोटा प्रियस, पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी हायब्रिड. दुसऱ्या पिढीतली, तो पाठीवर कुबड असल्यासारखा आकार. आधी काही आठवडे स्क्रीनवरच्या बॅटरीच्या पट्ट्या वेड्यासारख्या वागत होत्या. आठ पट्ट्यांपैकी सहा भरलेल्या असायच्या त्या एका चढावर दोनवर यायच्या, जांभळ्या व्हायच्या, आणि पाचच मिनिटांत पुन्हा सगळ्या हिरव्यागार. मागच्या सीटच्या बाजूचा पंखा एरवी असल्याचंही कळत नाही, तो आता घोंघावायला लागला होता. मग एका संध्याकाळी ऑटो मॉलच्या सिग्नलला लाल त्रिकोण पेटला. त्रिकोणात उद्गारचिन्ह. गाडी चालत होती, पण अंगात ताप असलेलं माणूस चालतं तशी. सर्व्हिस सेंटरने कॉम्प्युटर लावला आणि कोड सांगितला: पी-झीरो-ए-एटी. या गाड्या चालवणाऱ्यांना त्याचा अर्थ तोंडपाठ असतो. हाय व्होल्टेज बॅटरी बदला.

कॅलिफोर्नियात या बॅटरीला १० वर्षं किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी होती. ती सरून बराच काळ लोटला होता. बॅटरीने तिचं आयुष्य पुरेपूर जगून घेतलं होतं, त्यामुळे कोणावर राग धरावा असं काही नव्हतंच.

ही गाडी घेतली तेव्हा आम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटमध्ये नवे होतो. माझं ऑफिस सनीवेलला. ८८० हायवेवर सकाळी सातला गाड्यांचा जो समुद्र असतो, त्यात एकट्या माणसाला डावीकडच्या, एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या कारपूल लेनमधून जाता यायचं ते फक्त बंपरवर पिवळा स्टिकर असेल तर. राज्याने हायब्रिड गाड्यांसाठी असे ८५,००० स्टिकर काढले होते आणि २००७च्या सुरुवातीलाच ते संपले. त्यातला एक आमच्या नशिबी आला. त्या स्टिकरने मला रोज संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचवलं. ज्यांना उशिराच्या प्रत्येक मिनिटाचे पैसे भरावे लागतात आणि दारात एकटंच उरलेलं आपलं मूल बघावं लागतं, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. १ जुलै २०११ला त्या स्टिकरांची मुदत संपली. आमचा मात्र अजून बंपरवर आहे, उन्हाने पांढरा पडलेला. काढायला गेलं तर रंगही निघेल.

अण्णा, माझे वडील, पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरून त्यांना याच गाडीतून आणलं. मोवरी अॅव्हेन्यूच्या सिग्नलला इंजिन बंद झालं तसे ते सावरून बसले. "बंद पडली काय गं?" मी म्हटलं, नाही, ती थांबली की इंजिन बंदच करते. सिग्नल सुटला, गाडी आवाज न करता पुढे सरकली, मग दहा-वीस फुटांवर इंजिन हळूच जागं झालं. अण्णांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि पुढचा सगळा रस्ता तो तसाच ठेवला. त्यांना बोटांनी ऐकायची सवय होती. उभी नोकरी एस.टी.त, सातारा डेपोत, त्यातली बरीच वर्षं बॅटरी सेक्शनला.

त्या आठवड्यात आम्ही सांताक्रूझला गेलो होतो. परतताना हायवे १७चा उतार लागतो, लॉस गॅटोसपर्यंत वळणावळणांचा. ब्रेकवर पाय ठेवला की या गाडीतून एक बारीक, चढत जाणारा सूर येतो. मोटर उलटी जनित्र होते आणि उताराचं बळ बॅटरीत भरते. अण्णा स्क्रीनवरचे बाण बघत होते, चाकाकडून बॅटरीकडे जाणारे. तळाशी येईपर्यंत आठही पट्ट्या हिरव्या झाल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरांना खंबाटकीत न्यूट्रल करू नका म्हणून कानीकपाळी ओरडावं लागायचं. डिझेल वाचवायला जायचे आणि ब्रेक तापवून बसायचे. ही बया उतारावर कमावती की गं." त्यानंतर त्या गाडीचं नाव आमच्या घरात कमावती पडलं. मुलगी अजूनही तेच म्हणते, तिला खंबाटकी कुठे आहे ते धड माहीत नाही.

बॅटरी सेक्शन म्हणजे डेपोच्या मागच्या अंगाला पत्र्याची खोली. लहानपणी मी डबा द्यायला जायचे. आत आंबूस, घशाला लागणारा वास. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या रांगा, झाकणं उघडी, आत बारीक बुडबुडे फुटण्याचा आवाज. अण्णांची खाकी पँट कपाटात धड दिसायची आणि धुवून वाळत घातली की तिच्यात मोहरीएवढी भोकं दिसायची. ॲसिडचा थेंब कापड खातो ते धुतल्यावरच कळतं. त्यांच्या हातात कायम हायड्रोमीटर, ॲसिडची घनता मोजायचा. रबरी फुगा दाबायचा, काचेच्या नळीत पाणी ओढायचं, आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचं. "बाराशे पन्नास. बाराशे पन्नास. बाराशे चाळीस." आणि मग मध्येच, "अकराशे." तो मेलेला सेल, म्हणजे बॅटरीतला एक कप्पा. जुन्या बॅटऱ्यांना वरून डांबर ओतलेलं असायचं आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्यावर असायच्या. अण्णा आणि त्यांचे जोडीदार डांबर वितळवून तेवढा एक सेल बाहेर काढायचे, त्याच्या प्लेटा बदलायचे, पुन्हा पट्टी जोडायचे, पुन्हा डांबर ओतायचे. बॅटरी परत गाडीवर. पहाटेच्या महाबळेश्वर गाडीला धक्का मारावा लागला नाही म्हणजे काम जमलं.

माझ्या गाडीतली बॅटरीही अशीच एकाला एक जोडून केलेली आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाहेरून ती मागच्या सीटमागे पडलेली एक पत्र्याची पेटी, ४० किलोच्या आसपास वजनाची. आत २८ मॉड्यूल, पुस्तकांसारखी उभी, एकमेकांना घट्ट आवळून बसवलेली, कारण जुनी झाली की ती फुगू बघतात. प्रत्येक मॉड्यूलमध्ये सहा सेल, प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा. १६८ सेलची ही माळ मिळून २०१.६ व्होल्ट होतात. शिसं नाही, गंधकाचं ॲसिड नाही. एका बाजूला निकेल, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन पोटात धरून ठेवणारा मिश्रधातू. गाडीचा कॉम्प्युटर सगळ्या मॉड्यूलांवर एकेक करून नजर ठेवत नाही, जोड्यांवर ठेवतो, अशा चौदा जोड्या. एखाद्या जोडीचं व्होल्टेज इतरांपेक्षा फार खाली जाऊ लागलं की लाल त्रिकोण. म्हणजे माझ्या बॅटरीतले बहुतेक सेल अजून काम करत होते. बहुतेकदा मधले आधी जातात, कारण कडेच्यांना हवा लागते आणि मधले दोन्हीकडून तापतात.

म्हणून पहिला विचार आला तो डांबराच्या खोलीतला. एकच मॉड्यूल बदलायचं.

तसं करणारे लोक इथे खूप आहेत. भंगारात गेलेल्या गाडीतलं एक मॉड्यूल तीस-चाळीस डॉलरना मिळतं, सुट्टीच्या दिवशी ड्राइव्हवेत बसून बदलता येतं. अण्णांना व्हिडिओ कॉलवर विचारलं. मला वाटलं होतं ते लगेच हो म्हणतील. त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं: किती सेल, कोणती जोडी, बाकीच्या जोड्यांचे आकडे काय, उन्हाळा किती असतो. मग म्हणाले, "एस.टी.त करायचो, कारण दुसरी बॅटरी स्टोअरला नसायची. पण खरं सांगू का, बाकीचे पाच म्हातारे आणि एक तरणा, ही जोडी जमत नाही. म्हाताऱ्या बैलाला तरण्याबरोबर जुंपलं की आधी तरणा ओढतो, मग दोघं बसतात. सहा महिन्यांनी तीच बॅटरी परत माझ्या टेबलावर यायची, दुसरा सेल गेलेला. तुझ्याकडे तर एकशे अडुसष्ट आहेत." थोड्या वेळाने, फोन ठेवता ठेवता, "पैसे आहेत ना? नसले तर एकच बदल. असले तर सगळी नवी टाक आणि विसरून जा."

कधी तुकडा बदलायचा आणि कधी सगळंच, याचं इतकं सरळ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. मध्ये एक तिसरा रस्ताही होता, रिफर्बिश्ड बॅटरी: वेगवेगळ्या जुन्या गाड्यांतली बरी मॉड्यूल निवडून एकत्र बांधलेली, निम्म्या किमतीची. ज्याला गाडी वर्षभरात विकायची आहे त्याने ती जरूर घ्यावी. मला विकायची नव्हती.

का नव्हती, हे मात्र मला स्वतःशी धड मांडावं लागलं. आठवणी आहेत म्हणून, हे कारण मला पटत नाही. आठवणींसाठी कोणी हजारो डॉलर खर्चू नयेत, फोटो पुरतात. कारण साधं होतं. इंजिन ठणठणीत होतं. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. ग्रहमालेसारखी दंतचक्रं इंजिन आणि दोन मोटरी यांचं बळ वाटून देतात आणि त्यात झिजण्यासारखं फार कमी आहे. गॅलनमागे अजून पंचेचाळीसच्या आसपास मैल मिळत होते. खालून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, चोरीला जाऊ नये म्हणून पोलादी पत्रा ठोकून घेतलेला होता. या मॉडेलच्या कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंसाठी बे एरियात रात्रीतून गाड्या कापल्या जात होत्या तेव्हाची ती गोष्ट. चालण्याजोगी वस्तू, तिचा एक अवयव थकलेला. तिचा बाजारभाव म्हणजे अनोळखी माणूस आज तिला काय देईल तो आकडा. ती पुढची वर्षं मला काय देणार, हे त्या आकड्यात कुठेच नाही. त्या वर्षांची किंमत बॅटरीच्या किमतीशी ताडून बघायला हवी होती आणि नव्या गाडीच्या हप्त्यांशी. तशी ताडली तेव्हा उत्तर सोपं निघालं.

तरीही मनात खळखळ होतीच. आमच्या घरापासून गाडीने जरासं गेलं की टेस्लाचा कारखाना. २०१०च्या १ एप्रिलपर्यंत तिथे नुमी होतं, जनरल मोटर्स आणि टोयोटाने एकत्र सुरू केलेला कारखाना. कोरोला आणि टॅकोमा तिथून निघायच्या. बंद झाला तेव्हा त्याच्या शिफ्टवर जगणारी दुकानं, टॅकोवाले, डे-केअर सगळे हादरले होते. आता तिथून विजेच्या गाड्या निघतात आणि आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या दारात उभ्या असतात. पेट्रोल जाळणारं इंजिन जपण्यात मी उगाच हट्टाला पेटलेय का, असं रात्री वाटायचं. नवऱ्याचं म्हणणं, हेच पैसे नव्या इलेक्ट्रिकच्या डाउन पेमेंटला लावू. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आजही मी ते चुकीचं म्हणणार नाही. पण एक नवी गाडी घडवायला लागणारं पोलाद, अॅल्युमिनियम, वीज, हे सगळं माझी गाडी मोडीत काढल्याने कुठे परत येणार नव्हतं. मी वर्षाला पाच-सहा हजार मैलही चालवत नाही आता. एवढ्याशा चालण्यासाठी चालती गाडी टाकून द्यायला माझं मन होईना. शेवटी तो म्हणाला, "तुझी कमावती, तू ठरव."

बॅटरी बदलायला आलेला मेकॅनिक सॅन होझेचा, स्वतःची व्हॅन घेऊन दारात येणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. गाडी टो करून घरी आणून ठेवली होती. त्याने आधी मागचा दरवाजा उघडून छोटी १२ व्होल्टची बॅटरी सोडवली. मग नारिंगी रंगाचा जाड प्लग ओढून काढला आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला. मी विचारलं, खिशात का? म्हणाला, नियमच आहे, म्हणजे मी काम करत असताना दुसऱ्या कोणाला तो परत लावता येणार नाही. मग रबरी हातमोजे घेतले, मनगटाकडून गुंडाळत गेला आणि आत कोंडलेली हवा कुठून सुटते का ते कानाशी धरून पाहिलं. सुईएवढं भोक असलं तरी तो हातमोजा बाद. हातमोजे चढवूनही त्याने लगेच हात घातला नाही. घड्याळाकडे बघत उभा राहिला. कपॅसिटरमधली, म्हणजे वीज साठवून धरणाऱ्या भागातली, वीज उतरायला किमान पाच मिनिटं द्यायची असतात. उन्हात, दारात, दोघं गप्प. मला अण्णांची भोकं पडलेली पँट आठवत होती. त्या खोलीत कोणी कधी हातमोजे घातलेले मी पाहिले नव्हते.

मागची सीट निघाली, कडेची आवरणं निघाली. उजवीकडे बसणाऱ्याच्या कोपराशी एक जाळी आहे, तिच्यातून बॅटरी हवा ओढते. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जी हवा घेत होतो तीच तिनेही घेतली होती: एसी लावला की ती थंड, काचा बंद करून उन्हात उभी केली की ती तापलेली. पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकरीसारखा थर होता. मेकॅनिकने तो ब्रशने काढला, व्हॅक्यूमने ओढला. जुन्या पेटीचं झाकण उघडून त्याने मला आतल्या तांब्याच्या पट्ट्या दाखवल्या, सांध्यांवर हिरवट पूड चढलेली. टर्मिनलवरची पूड कुठल्याही देशात, कुठल्याही बॅटरीवर ओळखू येते.

निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी वापरण्याजोगी होण्यामागे पुष्कळ जणांचे हात आहेत, पण त्यातलं स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की हे नाव मी त्या दिवसांत वाचलं आणि मनात राहिलं. १९२२चा जन्म, ओहायोतल्या अॅक्रनचा. वडील लिथुएनियातून आलेले, धातूचं भंगार गोळा करून घर चालवणारे. हा मुलगा लेथवर काम शिकला, कॉलेजात गेलाच नाही, पुस्तकं वाचून आणि हाताने करून पदार्थविज्ञानात उतरला. आपल्याकडच्या वर्कशॉपांत अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हाताशी प्रयोगशाळा नव्हती एवढंच.

नवी पेटी आत गेली, पट्ट्यांचे नट त्याने टॉर्क रेंचने एकेक करून आवळले. शेवटी खिशातला नारिंगी प्लग परत जागेवर. पॉवरचं बटण दाबलं, स्क्रीनवर हिरवं 'रेडी' उमटलं, लाल त्रिकोण नव्हता. मला हसू आवरेना, त्यालाही.

जुन्या पेटीचं काय होतं, हे मी त्याला विचारलं. तो ती घेऊन जाणार होता. नवी देणाऱ्याकडे जुनी जमा करावी लागते, नाहीतर वेगळे पैसे भरावे लागतात. मग ती फोडून निकेल आणि बाकीचे धातू काढले जातात. तेवढं ऐकून माझं पुरेसं समाधान झालं नाही, म्हणून मी पुढे शोधत राहिले. यलोस्टोन पार्कात लामार खोऱ्यातल्या बफेलो रँचवर २०१५पासून सौरऊर्जा साठवायला कॅमरी हायब्रिड गाड्यांतून काढलेल्या २०८ जुन्या बॅटऱ्या वापरल्या गेल्या. गाडीला चढावर एकदम रेटा द्यायला जी बॅटरी पुरी पडत नाही, ती शांतपणे दिवा लावायला पुष्कळ होते. हे मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावलं. एस.टी.तून निघालेल्या बॅटऱ्यांवर त्यांच्या खोलीतला रेडिओ आणि एक बल्ब चालायचा, ते त्यांनी मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं.

आता मी गाडीच्या पोर्टमध्ये लावायचं एक छोटं यंत्र घेतलंय, फोनवर चौदाही जोड्यांचं व्होल्टेज दिसतं. नव्या बॅटरीचे आकडे मी अण्णांना पाठवले. सगळे एकमेकांच्या अगदी जवळ, दशांशानंतरच्या घरात फरक. अण्णांनी ते त्यांच्या वहीत उतरवून घेतले, तारखेसकट, जोडीचा नंबर डावीकडे आणि आकडा उजवीकडे, जसे डेपोत लिहायचे तसे. वहीचा फोटोही पाठवला. मुलगी सप्टेंबरात डेव्हिसला कॉलेजला जाईल आणि गाडी तिच्याबरोबर जाईल. तिकडचा उन्हाळा आमच्यापेक्षा कडक. अण्णांनी तिला फोनवर दम दिलाय: मागच्या जाळीसमोर बॅग ठेवायची नाही, गाडी सावलीत लावायची, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आकडे पाठवायचे. ती हो म्हणाली. चढावर असतानाचे पाहिजेत, उभ्या गाडीचे नकोत, असंही त्यांनी तिला सांगितलं, कारण उभ्या गाडीत सगळेच सेल शहाणे असतात. डेव्हिसला चढ नाहीत हे ती म्हणाली तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, मग हायवेला लागताना जोरात काढ आणि मैत्रिणीला वाचायला सांग.